इनाम आणि उचल
परदेशी स्पर्धांचा खर्च सरकार कुणाला, कसा आणि केव्हा देते?

बीड जिल्ह्यातील पाटोदा आणि आष्टी हे शेजारचे दोन तालुके. दोन्ही बालाघाटाच्या माळावरचे, दोन्ही पावसाच्या भरवशावरचे. दिवाळीच्या सुमारास दोन्हींकडची निम्मीअधिक गावे कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. या दोन तालुक्यांतून गेल्या काही वर्षांत दोन खेळाडू जगाच्या मैदानावर पोचले. पाटोद्याच्या राहुल आवारे याने २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटाच्या कुस्तीत सुवर्णपदक जिंकले. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

या दोघांमुळे आमच्या भागात तालमी आणि पळण्याच्या वाटा पहाटे पुन्हा गजबजू लागल्या. त्याबरोबर एक प्रश्नही वारंवार कानावर येऊ लागला: "पोराची परदेशात निवड झाली तर सरकार पैसे देतं का?" मला शासन निर्णय वाचण्याची आणि जुनी कात्रणे जपण्याची सवय आहे. त्यामुळे गावातली माणसे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. उत्तर 'हो' असे आहे, पण ते तिथे संपत नाही. सरकार पैसे कुणाच्या हातात देते आणि केव्हा देते, हे कळल्याशिवाय त्या 'हो'चा उपयोग नाही. या लेखात तेवढेच उलगडून सांगायचे आहे.

वर्गणीतून ऑलिम्पिक

भारताचा ऑलिम्पिकशी पहिला संघटित संबंध महाराष्ट्रातूनच जुळला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली मुले अनवाणी धावत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या. त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय संघ गेला आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला. या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९वे आले. कोल्हापूरचे रणधीर शिंदेस यांनी फ्री स्टाइल कुस्तीत चौथा क्रमांक मिळवला. पदक एका पायरीने हुकले. या सगळ्यामागे निवडीचे किंवा खर्चाचे कोणतेही कायमचे सरकारी खाते नव्हते. एका उद्योगपतीला पटले म्हणून संघ गेला.

३२ वर्षांनी चित्र फारसे बदललेले नव्हते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि तिथे सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा देश स्वतंत्र होता, सरकार आपले होते, तरी पैसे जमवण्यासाठी दारोदार फिरावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात.

या हकीकतीतला त्यागच आपण नेहमी आठवतो. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. मिरवणूक, मानपान, इनाम हे सगळे पदकानंतर आले. आगबोटीचे, विमानाचे, खुराकाचे पैसे पदकाआधी लागले, आणि ते एका मास्तराच्या घरावर उभे राहिले. आमच्या भागात याला नेमका शब्द आहे. हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाकडून घेतात ती उचल, आणि यात्रेत कुस्ती मारल्यावर मिळते ते इनाम. खेळाडूला परदेशी पाठवण्याचा सगळा प्रश्न या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

'हौशी' कुणाला म्हणायचे?

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. आपल्याकडच्या जुन्या क्रीडा संघटनांच्या नावात 'हौशी' किंवा 'अमॅच्युअर' हा शब्द हमखास असतो. हा शब्द इंग्लंडच्या खानदानी खेळाडूंकडून आला. ज्याला पोटाची चिंता नाही आणि जो केवळ आवडीसाठी खेळतो, तो हौशी. ऑलिम्पिकमध्ये हा नियम फार कडक होता. १९१२ साली दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जिम थॉर्प या अमेरिकी खेळाडूची पदके पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली, कारण त्याने आधी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. ती पदके त्याच्या वारसांना परत मिळेपर्यंत ७० वर्षे गेली.

हा नियम आमच्या यात्रेतल्या कुस्तीला लावला असता तर नारळावरची कुस्ती सोडून बाकी सगळे मल्ल बाद झाले असते. १९७०च्या दशकात ऑलिम्पिकच्या नियमांतून हा शब्द गळाला आणि पुढच्या दशकात व्यावसायिक खेळाडूंनाही दार उघडले. आपल्याकडे शब्द राहिला, पण त्याचा अर्थ उलटा झाला. आज हौशी खेळाडू म्हणजे ज्याला खेळातून पोट भरता येत नाही आणि जो तरीही खेळतो, असा माणूस. त्याच्याकडे खानदानी इस्टेट नाही. म्हणून सरकारी पैशाचा प्रश्न येतो.

दिल्लीचा पैसा कोणत्या वाटेने जातो?

केंद्र सरकारच्या पैशाच्या तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट राष्ट्रीय क्रीडा महासंघांची. प्रत्येक खेळासाठी सरकार एका राष्ट्रीय महासंघाला मान्यता देते. महासंघाने वर्षभराची शिबिरे आणि देश-परदेशातील स्पर्धा यांचा आराखडा करून क्रीडा मंत्रालयाला द्यायचा असतो. मंजूर झालेल्या स्पर्धेसाठी विमानभाडे, राहणे, जेवण, व्हिसा, विमा असा खर्च सरकार देते. हा पैसा खेळाडूच्या हाती येत नाही, महासंघाच्या किंवा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या मार्फत खर्च होतो. म्हणूनच एखाद्या आमदाराचे शिफारसपत्र घेऊन खेळाडू थेट मंत्रालयात गेला तरी त्याला तिकीट मिळत नाही. नाव महासंघाच्या यादीत असावे लागते.

इथे एक बारकावा आहे, जो ग्रामीण पालकांना कुणी सांगत नाही. मंत्रालयाची मंजुरी दोन प्रकारची असते. एक 'सरकारी खर्चाने' आणि दुसरी 'सरकारला खर्च न पडता'. दुसऱ्या प्रकारात सरकार फक्त परवानगी देते. संघ अधिकृत असतो, अंगावर तिरंगा असतो, पण तिकिटाचे पैसे महासंघाने किंवा खेळाडूने भरायचे असतात. पोराच्या पत्रावर मंत्रालयाचा उल्लेख दिसला म्हणजे खर्च निघाला, असे धरून चालणे धोक्याचे आहे. पत्रातली ही एक ओळ आधी वाचावी.

दुसरी वाट थेट खेळाडूची. २०१४ साली 'टार्गेट ऑलिम्पिक पोडियम' ही योजना आली. ऑलिम्पिक पदकाची शक्यता असलेले निवडक खेळाडू तिच्या मुख्य गटात घेतात. त्यांचे परदेशी प्रशिक्षण, प्रशिक्षक, साहित्य यांचा खर्च होतोच, शिवाय हातखर्चाला दरमहा ५०,००० रुपये मिळतात. उद्याच्या खेळाडूंच्या गटाला दरमहा २५,००० रुपये मिळतात. त्याखालच्या वयोगटासाठी 'खेलो इंडिया' आहे. तिच्यात निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद आहे. त्यातले १.२० लाख रुपये, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये, हातखर्चाचे आणि बाकीचे प्रशिक्षण, निवास, आहार वगैरेंचे. ही खरी उचल. पदकाआधी मिळणारी, आणि फेडावी न लागणारी.

तिसरी वाट राष्ट्रीय क्रीडा विकास निधीची. १९९८ साली स्थापन झालेल्या या निधीत सरकारबरोबर सार्वजनिक उपक्रम, कंपन्या आणि व्यक्तीही पैसे देऊ शकतात.

पहिल्या वाटेचा धोका असा की महासंघ अडचणीत आला की त्याच्यामागे उभे असलेले सगळे खेळाडू अडकतात. कुस्तीत हे आपण डोळ्यांनी पाहिले. वेळेत निवडणूक न झाल्यामुळे ऑगस्ट २०२३मध्ये जागतिक संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केले. त्यामुळे पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मल्लांना तिरंग्याखाली खेळता आले नाही. डिसेंबर २०२३मध्ये क्रीडा मंत्रालयानेही महासंघाला निलंबित केले. ते निलंबन मार्च २०२५मध्ये उठले. दिल्लीतल्या त्या भांडणात पाटोद्याच्या तालमीतल्या पोराचा काही हात नव्हता. त्याच्या वयाची सव्वा वर्षे मात्र गेली. मल्लाच्या आयुष्यात सव्वा वर्ष म्हणजे एखादा वजनगटच. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात महासंघांच्या मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. त्याचा उपयोग या एका गोष्टीवरून मोजावा: महासंघ बंद पडला तरी खेळाडूची वाट चालू राहते का?

चार किलोंचा फरक

राहुल आवारेचे उदाहरण या पैशाच्या दिशेविषयी बरेच शिकवते. वडील मल्ल, त्यामुळे माती घरातच. पुढे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांची तालीम आणि बिराजदार गेल्यानंतर काका पवार यांचे संकुल. या सगळ्या वर्षांत त्याच्यामागे जे उभे होते ते घर, वस्ताद आणि कुस्तीवर प्रेम करणारी माणसे.

२०१९ साली कझाकस्तानमधील नूर-सुलतान येथे जागतिक स्पर्धा झाली. राहुलने ६१ किलो गटात अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून ब्राँझ घेतले. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटात रवी दहियानेही ब्राँझच घेतले. दोन्ही पदके एकाच धातूची, एकाच मॅटवरची. पण ५७ किलो हा ऑलिम्पिकमधला गट आहे आणि ६१ किलो नाही. रवीच्या पदकाबरोबर टोकियो ऑलिम्पिकची जागा आली आणि पुढे त्याने तिथे रौप्य जिंकले. राहुलच्या पदकाबरोबर तशी जागा येऊच शकत नव्हती.

यात कुणाचा दोष काढायचा नाही. केंद्राच्या मोठ्या योजनेचे नावच ऑलिम्पिकवरून ठेवलेले आहे. पण त्याचा परिणाम समजून घ्यावा. जागतिक दर्जाचा खेळाडूदेखील चार किलोंच्या फरकाने पैशाच्या मुख्य पाटाबाहेर राहू शकतो. मग खो-खो, मल्लखांब, आट्यापाट्या यांच्या खेळाडूंची स्थिती काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

राज्य सरकारने राहुलला पोलीस उपअधीक्षकपदी थेट नियुक्ती दिली, २०२० साली अर्जुन पुरस्कारही मिळाला. दोन्ही सन्मान रास्त आहेत. पण दोन्ही इनामाच्या बाजूचे आहेत.

अविनाश साबळेची गोष्ट वेगळी घडली, कारण त्याला उचल मिळाली. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान अशा ठिकाणी चाकरी केल्यावर तो सैन्याच्या धावण्याच्या चमूत आला. तोवर स्टीपलचेस हा शब्दही आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हता. पगार चालू, खुराक चालू, प्रशिक्षक समोर. पुढे सरकारी मदतीने अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उंचावरचे प्रशिक्षण मिळाले. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत असे. ती साखळी मांडव्याच्या या पोराने तोडली. सैन्य, रेल्वे, पोलीस ही या देशातली जुनी आणि खरी क्रीडा-अनुदाने आहेत, फक्त त्यांना अनुदान असे कुणी म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसहून नेमबाजीचे ब्राँझ घेऊन आला, तोही मध्य रेल्वेचा कर्मचारी.

राज्याच्या तिजोरीतून

राज्य पातळीवर हा विषय पुण्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे आणि जिल्ह्यात त्याचे दार म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. आंतरराष्ट्रीय स्पर्धा, प्रशिक्षण आणि साहित्य यांसाठी गुणवंत खेळाडूंना अर्थसाह्य देण्याची तरतूद राज्यात आहे. मान्यताप्राप्त संघटनेचे निवडपत्र, कामगिरीची प्रमाणपत्रे आणि खर्चाचे अंदाजपत्रक जोडून जिल्ह्यामार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो.

अडचण वेळेची आहे. निवडपत्र अनेकदा स्पर्धेच्या तोंडावर हातात पडते. तेवढ्या दिवसांत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि प्रस्ताव या चारही गोष्टी जुळत नाहीत. मग घरचे लोक आधी पैसे उभे करतात आणि पावत्या घेऊन नंतर फिरतात. पाटोद्यात पैसे उभे करणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. सोने मोडणे, जनावर विकणे, नाहीतर पुढच्या हंगामाची उचल आत्ताच घेणे.

इनामाची बाजू मात्र भक्कम होत गेली आहे. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पदकविजेत्यांना थेट नियुक्ती आहे. २०२४ साली राज्याने ऑलिम्पिक पदकांची बक्षिसे वाढवून सुवर्णाला ५ कोटी, रौप्याला ३ कोटी आणि ब्राँझला २ कोटी रुपये केली. जिंकणाऱ्याला भरभरून द्यावे, याबद्दल दुमत नाही. पण एका ब्राँझच्या रकमेत माणशी दोन लाख रुपये धरले तर १०० खेळाडू परदेशी स्पर्धेला जाऊन येतील. त्या शंभरांतूनच पुढचे ब्राँझ निघायचे असते.

'आंतरराष्ट्रीय' नावाचा बाजार

उचल वेळेवर मिळत नाही, पण परदेशी प्रमाणपत्राची ओढ मोठी, अशा ठिकाणी बाजार उभा राहतो. गेल्या काही वर्षांत नेपाळ, भूतान, थायलंड येथील 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांची पत्रके खेड्यांत फिरताना दिसतात. नाव भारदस्त, बोधचिन्हात पृथ्वीचा गोल, आणि निवड जवळजवळ प्रत्येकाची. पैसे भरले की सहल होते, गळ्यात पदक पडते, गावात डिजिटल बॅनर लागतो.

मागच्या वर्षी ऊसतोड करणारे एक गृहस्थ मुलाचे असेच पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. "सर, मुकादमाकडून उचल घेतली, पैसं भरलं. आता सरकारकडून किती मिळंल?" संघटनेचे नाव मान्यताप्राप्त यादीत नव्हते. जगातल्या ज्या संघटनेशी ती संलग्न म्हणवत होती, तिला ऑलिम्पिक समिती ओळखत नव्हती. सरकारकडून काही मिळणार नाही, एवढेच नाही, तर ते प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या आरक्षणासाठी पडताळणीला ठेवले तरी चालणार नाही, हे मला सांगावे लागले. मुलगा पदक घेऊन आला. बापाने तो हंगाम त्या पदकासाठी ऊस तोडला.

मुलगा खोटा नव्हता. त्याची मेहनतही खोटी नव्हती. फक्त त्याचे पत्र कुणी वेळेत वाचून दाखवले नाही. म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येक पालकाने या पाच गोष्टी विचाराव्यात:

१. भारतातील संघटनेला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का? ही यादी मंत्रालय प्रसिद्ध करते.

२. स्पर्धा त्या खेळाच्या अधिकृत जागतिक किंवा आशियाई संघटनेच्या वार्षिक वेळापत्रकात आहे का?

३. निवड चाचणी कुठे झाली, ती जाहीर केली होती का, आणि तिच्यात कुणी बाद झाले का? ज्या चाचणीत सगळेच निवडले जातात, ती चाचणी नव्हे.

४. मंजुरी सरकारी खर्चाने आहे की सरकारला खर्च न पडता?

५. पैसे कुणाच्या खात्यात भरायचे आहेत? संघटनेच्या की एखाद्या माणसाच्या? पावती मिळणार आहे का?

एक खुलासा करतो. मान्यताप्राप्त महासंघही कधी कधी खेळाडूंकडून खर्च घेतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'खर्च न पडता' असे आले म्हणजे फसवणूक झाली असे नाही. पण पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे धड नसतील तर पैसे भरू नयेत.

काय करता येईल?

मोठी धोरणे दिल्ली-मुंबईत ठरतील. जिल्ह्यात करण्याजोगे तीन उपाय मला दिसतात.

एक, जिल्हा पातळीवर छोटा फिरता निधी. मान्यताप्राप्त निवडपत्र दाखवले की आठ दिवसांत तिकीट आणि व्हिसापुरती रक्कम मिळावी. राज्याचे अर्थसाह्य मंजूर झाले की ती रक्कम निधीत परत जमा व्हावी. सरकारचा एकूण खर्च यात फारसा वाढत नाही, फक्त पैशाची वेळ बदलते.

दोन, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणावर हा निधी खर्च करता येतो. आमच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. त्यांच्या मालकांकडे ग्रामसभेने ठराव करून रीतसर मागणी केल्यास ती कायद्याला धरूनच होईल.

तीन, पासपोर्ट. यात निधीचा प्रश्नच नाही. राज्य पातळीवर पदक मिळवणाऱ्या प्रत्येक मुलाचा पासपोर्ट निवडीची वाट न पाहता काढून ठेवावा. शाळेने आणि तालमीच्या वस्तादाने हे काम अंगावर घ्यावे. ऊसतोड कुटुंबाच्या मुलांची कागदपत्रे सहा महिने एका गावी आणि सहा महिने दुसऱ्या गावी असतात. त्यांच्यासाठी हे काम हंगामाच्या आधी, आखाड-श्रावणातच उरकावे लागेल.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्रत्येक तालुक्यात सत्कार होतील, भाषणे होतील. पाटोद्यात त्या दिवशी सत्काराच्या टेबलाशेजारी दुसरे एक टेबल ठेवावे, अशी माझी सूचना आहे. तिथे जिल्हा क्रीडा कार्यालयाचा एक माणूस बसावा, मान्यताप्राप्त संघटनांची यादी भिंतीवर लावावी, आणि ज्यांच्या हातात निवडपत्र आहे त्यांचे पत्र वाचून प्रस्ताव तिथल्या तिथे भरून घ्यावा. तोवर निम्मा तालुका फडावर असेल. म्हणून ती यादी मुकादमांच्या मोबाइलवरही पोचवावी. उचल त्यांच्याच हातून जाते, तर ही माहितीही त्यांच्याच हातून जायला हरकत नाही.